केळवणाचा सिनेमा

आहेर म्हणून सिनेमाची तिकिटं द्यायची कल्पना माझी होती. त्यामागे विमानाच्या सामानाचं वजन सोडून दुसरा कुठलाही विचार नव्हता.

माझ्या नणंदेची मुलगी हॅम्बर्गला शिकायला आली ती आमच्या भरवशावर. पहिले चार महिने ती आमच्याकडेच राहिली, मग तीन जर्मन मुलींबरोबर सामायिक घर घेऊन वेगळी झाली. रविवारी जेवायला येई. तिचं शिक्षण संपलं त्या उन्हाळ्यात ती एका मुलाला बरोबर घेऊन येऊ लागली. मुलगा सांगलीकडचा, बंदरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करणारा. हॅम्बर्गला उन्हाळा म्हणावा असा उन्हाळा क्वचितच होतो. त्या वर्षी झाला. दोघं दिवसभराचं तिकीट काढून बंदरातल्या फेरीबोटीत बसत, पलीकडच्या काठाला जात, तीच बोट धरून परत येत, पुन्हा जात. नाहीतर एल्ब नदीच्या वाळूत बसून राहत. संध्याकाळी आमच्या दारात त्यांनी बूट काढले की वाळू पडे, आणि ते गेल्यावर मी ती झाडून काढी.

पुण्याहून नणंदेचे फोन सुरू झाले.

"मुलगा कसा आहे गं?"

"वेळेवर येतो. जेवतो व्यवस्थित."

"अगं, स्वभावानं कसा आहे?"

"सध्या उन्हाळा आहे, ताई. सध्या सगळ्यांचेच स्वभाव चांगले आहेत."

ताईंना हे आवडलं नाही. पण मुलाच्या घरचे चांगले निघाले, पत्रिका कुणी मागितली नाही, आणि डिसेंबरमधली तारीख ठरली. लग्न पुण्यात.

मी मालवाहतुकीच्या कचेरीत काम करते. कंटेनरचे कागद बघणं हे माझं काम. त्यामुळे घरातलेही सगळे कागद माझ्याकडे येतात, आणि लग्न ठरल्याबरोबर भाचीच्या व्हिसाचा प्रश्न मी हातात घेतला. शिक्षण संपल्यावर नोकरी शोधायला तिला दीड वर्ष मिळालं होतं, त्यातले तीन-चार महिने गेले होते. मी म्हटलं, आता धावाधाव कशाला? लग्न झालं की नवऱ्याच्या व्हिसावर जा. मग नोकरी मिळो, न मिळो, इथं राहण्याची काळजी नाही. मीही तशीच आले होते. सोपं पडतं. सगळ्यांना ते पटलं. परदेशी लोकांचे कागद बघणारं जे सरकारी ऑफिस असतं, आउसलेंडरबेहोर्डे, तिथली जानेवारीतली टर्मिन, म्हणजे ठरलेली वेळ, मी मिळवली. फॉर्म आणला आणि माझ्या सवयीप्रमाणे आधी पेन्सिलीनं भरून ठेवला. अर्जाचं कारण: पतीसोबत वास्तव्य. लग्नाच्या तारखेची जागा रिकामी ठेवली. मग सगळं एका फोल्डरमध्ये घालून फोल्डर कपाटात ठेवलं.

नोव्हेंबरात केळवण केलं. पुण्यात मुलीचं केळवण वेगळं, मुलाचं वेगळं, आणि दोन्हीकडे निरनिराळे लोक. आमच्याकडे, आमचा मुलगा शिकायला परगावी असल्यामुळे, दोघांचे मिळून नातेवाईक म्हणजे आम्ही दोघं. त्यामुळे दोघांना एकाच टेबलाशी बसवलं. ताटाभोवती रांगोळी काढायला टेबलावर जागा नव्हती, ती मी ताटाखालच्या कागदावर काढली. क्वार्क नावाचं इथलं दही मिळतं, त्याचं श्रीखंड केलं. ते टांगावं लागत नाही. अळू मिळत नाही, म्हणून मांगोल्ड नावाच्या भाजीच्या पानांच्या वड्या केल्या. मुलगा तीन वेळा वड्या मागून घेत म्हणाला, "मामी, सांगलीला कळणारसुद्धा नाही हे अळू नाही म्हणून."

"कळेल," मी म्हटलं. "घशाला खाज सुटणार नाही ना."

आता आहेर. वीस किलोच्या वर सामान नेता येत नव्हतं, आणि दोघांच्या बॅगा आधीच जर्मन चाकू, चॉकलेटं आणि सासरच्या लोकांसाठी घेतलेल्या स्वेटरांनी भरल्या होत्या. साडी द्यायची तर ती इथून तिथं नेऊन पुन्हा इथंच आणायची. म्हणून मी ठरवलं, वजन नसलेली वस्तू द्यायची. आमच्या घराजवळ साठसत्तर खुर्च्यांचं एक थिएटर आहे, तिथं जुने सिनेमे लागतात. त्यांच्या महिन्याच्या पत्रकात एका स्वीडिश सिनेमाचा फोटो होता. होडी, पाणी, होडीत एक मुलगा आणि एक मुलगी. खाली लिहिलं होतं की एका उन्हाळ्यात दोन तरुण जीव शहर सोडून बेटांवर निघून जातात. पुढच्या तीन ओळी बारीक अक्षरांत होत्या. कंटेनरच्या कागदावरचं बारीक अक्षर मी कधी सोडत नाही. हे सोडलं. होडी बघितली, यांची फेरीबोट आठवली आणि तिकिटं काढली.

भाची म्हणाली, "मामी, तुम्ही दोघं पण चला ना." म्हणून आणखी दोन काढली.

रविवारी दुपारी साडेतीनचा खेळ. थिएटरात आम्ही चौघं धरून बाराएक माणसं असतील. बहुतेक जण पांढऱ्या केसांचे, ओल्या छत्र्या पायाशी ठेवून बसलेले. सिनेमा काळा-पांढरा, बोलणं स्वीडिश, खाली जर्मन ओळी. मुलाचं ऑफिसातलं सगळं काम इंग्रजीत चाले, त्याला जर्मन जेमतेम येई. त्यामुळे भाची त्याच्या कानाशी लागून प्रत्येक ओळ मराठीत सांगू लागली. मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले होते, मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या पलीकडे आमचे हे.

पहिला तासभर मजेत गेला. पडद्यावरचा मुलगा आणि मुलगी दोघंही कुठे कुठे राबणारी, साहेबाच्या शिव्या खाणारी. एक दिवस सगळं टाकून ती होडीतून निघून जातात आणि अख्खा उन्हाळा बेटांवर काढतात. ऊन, पोहणं, खडकावर झोपणं. भाची नुसतं भाषांतर करत नव्हती, स्वतःचं पदरचंही घालत होती. "बघ, याला पण स्टोव्ह पेटवता येत नाही, तुझ्यासारखा." तो हसे. एकदा तिनं त्याला कोपर मारलेलंही मला कळलं. मला वाटलं, चांगला आहेर झाला.

मग खाणं संपलं. उन्हाळाही संपत आला. पडद्यावरची ती दोघं चिडचिडी झाली, कपडे मळले, मुलगी पोटुशी राहिली आणि दोघं शहरात परत आली. लग्न. बाळ. एक खोली. मुलगा शहाण्यासारखा कामाला लागला, संध्याकाळी पुस्तकं घेऊन बसू लागला. मुलगी खोलीत. तिला बाहेर पडायचं होतं, नवे कपडे हवे होते, कुणीतरी तिच्याकडे बघायला हवं होतं. बाळ रडत होतं.

इथून भाचीचं सांगणं कमी होत गेलं. पडद्यावर चार ओळी आल्या की ती एक सांगे. मग दहांना एक.

"काय म्हणाली?" मुलानं विचारलं.

"काही नाही."

"इतकं बोलली की."

"करमत नाही म्हणते घरात."

"आणि तो?"

"तो म्हणतो, थोडे दिवस थांब."

पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी वळून श्श केलं. त्यानंतर तिनं काहीच सांगितलं नाही. मुलानं आणखी दोनदा विचारलं, "काय म्हणाली? अगं, काय म्हणाली?" ती पडद्याकडे बघत राहिली. शेवटी पडद्यावरची मुलगी घर सोडून निघून जाते आणि तिथला मुलगा बाळाला घेऊन उरतो. तो भाग त्यानं न कळता बघितला. तसा कळायला अवघडही नव्हता.

माझ्या मनात त्या वेळी काय आलं असं पुढे मला कुणी कुणी विचारलं. खरं सांगायचं तर, त्या खोलीत बाळाचे कपडे वाळत घालायला धड जागा नाही, हे आलं. आणि मग हे आलं की आपण ही तिकिटं केळवणाला दिली आहेत.

बाहेर पाऊस होता. थिएटरच्या बाजूच्या बेकरीत आम्ही कॉफी घेतली. कुणीतरी बोलायला हवं म्हणून आमचे हे बोलले. मधला अर्धा तास ते झोपले होते.

"फोटोग्राफी छान होती."

"मुलगी बेजबाबदार होती," मुलगा म्हणाला. "बाळाला टाकून जाते म्हणजे काय? तो बिचारा सगळं करत होता."

"तो स्वतःचं सगळं करत होता," भाची म्हणाली. "काम त्याचं, अभ्यास त्याचा. तिला फक्त थांब म्हणाला. किती दिवस थांब, ते कुठं बोलला?"

"अगं, सिनेमा आहे तो."

"हो ना. आणि ड्युसेलडॉर्फचं पत्र आलं तेव्हा तू काय म्हणालास? बघू. बघू म्हणजे किती दिवस?"

मी आणि आमच्या ह्यांनी एकदम तिच्याकडे बघितलं. "कसलं पत्र?"

तेव्हा कळलं की तिला इथून चारशे किलोमीटरवरच्या ड्युसेलडॉर्फमधल्या एका कंपनीत नोकरी मिळाली होती. ती जे शिकली तेच काम, फेब्रुवारीपासून. होकार कळवायला महिनाअखेरपर्यंतची मुदत होती. पत्र येऊन दहा दिवस झाले होते, आणि हे त्या दोघांशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

मुलगा माझ्याकडे वळला. रागानं नव्हे, मदतीच्या अपेक्षेनं. "मामी, तुम्हीच म्हणाला होतात ना? लग्नानंतर माझ्या व्हिसावर आली की नोकरीची घाई उरणार नाही. मग इथंच हॅम्बर्गमध्ये शोधेल निवांत. म्हणून तर मी दोन खोल्यांचं घर बघून ठेवलंय."

"म्हणाले होते," मी म्हटलं.

"मग?"

भाचीनं छत्री उचलली आणि ती एकटीच एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या स्टेशनकडे निघाली. मुलगा अर्धी कॉफी टाकून तिच्या मागे गेला, पण स्टेशनपर्यंत गेला की नाही माहीत नाही.

"केळवणाला कुणी असला सिनेमा दाखवतं का?" घरी येताना आमचे हे म्हणाले.

"होडी होती हो फोटोत."

"टायटॅनिकपण होडीच होती."

मंगळवारी कामावरून घरी आले तर भाची जिन्यात बसलेली. तिला तो फॉर्म बघायचा होता. मी फोल्डर काढून दिलं. तिनं फॉर्म सावकाश वाचला, माझ्या पेन्सिलीच्या अक्षरातला प्रत्येक रकाना.

"मामी, हा भरला तर माझं इथं राहणं कशावर?"

"लग्नावर. आणि त्याच्या व्हिसावर. पहिली काही वर्षं तरी."

"आणि नोकरीवरून अर्ज केला तर?"

"तुझ्या नोकरीवर."

तिनं मान हलवली. मग विचारलं, "तुम्ही इथं आल्यावर किती वर्षांनी कामाला लागलात?"

"सात."

"ठरवून?"

मी कांदा चिरत होते. तो चिरून होईपर्यंत मी हिशेब केला. पहिली दोन वर्षं भाषा. मग मुलगा झाला. मग ह्यांची बदली, मग बालवाडीत जागा नाही. "नाही," मी म्हटलं. "ठरवून नाही. प्रत्येक वेळी कारण बरोबर होतं."

"तेच विचारायचं होतं," ती म्हणाली. जेवायला थांबली नाही. जाताना खोडरबर मागितलं. माझ्या देखत अर्जाच्या कारणापुढचा रकाना खोडला आणि फोल्डर मला परत दिलं. लग्नाच्या तारखेची जागा रिकामीच होती, ती तशीच राहिली.

त्याच संध्याकाळी तिनं मुलाला सांगितलं. मी ड्युसेलडॉर्फला होकार कळवतेय. लग्न डिसेंबरमध्ये करायला मी तयार आहे. पण माझा व्हिसा माझ्या नोकरीवर राहील आणि निदान दोन वर्षं मी तिथं राहीन. चालत नसेल तर आत्ता सांग, मी घरी कळवते. तो म्हणाला, विचार करून सांगतो. तिनं विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, दहा.

त्या दहा दिवसांत लग्नाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या. ताईंचा फोन आला.

"लग्नाआधी अटी घालतेय पोरगी! कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात?"

"मी सिनेमा दाखवला, ताई."

"सिनेमा? कसला सिनेमा?"

"स्वीडिश."

"एक साडी दिली असतीस तर काय बिघडलं असतं? वजनाचं एवढं होतं तर मी इकडून घेतली असती की!"

"लग्न मोडलं तर पाटण्यांच्या घरी पुन्हा तोंड दाखवायची सोय राहणार नाही," असं त्या आणखी म्हणाल्या. पाटणी हे मुलाच्या घराचं आडनाव नव्हे. ताई रागात सगळी आडनावं बदलतात. मला हसू आलं आणि मी ते फोनपासून लांब धरलं. पण एरवी ते दिवस हसण्यासारखे नव्हते. ही मुलगी आमच्या भरवशावर आलेली, फॉर्म मी भरलेला, सिनेमा मी निवडलेला. भाची रोज विद्यापीठाच्या वाचनालयात जाऊन बसे. मला फोन करत नव्हती, आणि मीही केला नाही.

नवव्या दिवशी दुपारी माझ्या कचेरीत फोन वाजला. मुलगा होता.

"मामी, एक विचारायचं होतं."

"विचार."

"ड्युसेलडॉर्फहून शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला गाडी असते, ती थेट आहे का हो? का मध्ये बदलावी लागते? मला त्या वेबसाइटवरचं सगळं जर्मन कळत नाहीये."

मी वेळापत्रक काढलं. "थेट आहे. चार तास धर."

"आणि सोमवारी पहाटेची?"

"तीही आहे. पण ती तूच धरायची की तिनं, ते ठरवा."

"आलटून पालटून," तो म्हणाला. "गेनाऊ. आलटून पालटून करायचं म्हणतोय." गेनाऊ म्हणजे अगदी बरोबर. त्याला येणाऱ्या चार जर्मन शब्दांपैकी तो एक, आणि घाबरला की मुलगा तो वापरी.

"हे तिला सांगितलंस?"

"आधी गाडीची खात्री करून घ्यावी म्हटलं."

लग्न ठरलेल्या तारखेलाच पुण्यात झालं. चांगलं झालं. जेवणात अळूवडी होती, खाज सुटणारी. ताई माझ्याशी बोलल्या, पण प्रत्येक पाहुण्याशी माझी ओळख करून देताना "हिला सिनेमाची फार आवड" असं सांगत राहिल्या. मुलाच्या आईनं मला बाजूला घेऊन विचारलं की एवढं लांब राहायचं तर लग्न तरी कशाला करायचं. मी म्हटलं, ते मला माहीत नाही, पण गाडी थेट आहे.

जानेवारीत त्या टर्मिनला आम्ही तिघं गेलो. फोल्डर माझ्याकडे होतं म्हणून मी, आणि मुलगा आपणहून आला. बाहेर बर्फ वितळून चिखल झाला होता. दोघांच्या बुटांचे ठसे त्या ऑफिसच्या फरशीवर दारापासून टेबलापर्यंत उमटले. टेबलापलीकडे चष्मा कपाळावर सरकवलेली एक बाई होती. तिनं नोकरीचं पत्र बघितलं, मग विवाहाचा दाखला बघितला, मग फॉर्म. अर्जाचं कारण: नोकरी. ते आता भाचीच्या अक्षरात होतं, पेननं. लग्नाची तारीखही तिनंच लिहिली होती. बाई तिला काहीतरी म्हणाली.

"काय म्हणाली?" मुलानं विचारलं.

मी भाचीकडे बघितलं.

"म्हणाली, नवरा इथं आहे, तर त्याच्या व्हिसावरून अर्ज केला असतास तर सोपं पडलं असतं."

"मग?"

"मी म्हटलं, माहीत आहे."

बाईनं खांदे उडवले, शिक्का शोधला आणि शोधता शोधता आणखी एक प्रश्न विचारला. भाचीनं उत्तर दिलं. बाईनं मान वर करून आधी तिच्याकडे आणि मग मुलाकडे बघितलं.

"आता काय विचारलं?"

"एकत्र राहणार का, म्हणून."

"तू काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं. सध्या दोन वेगवेगळ्या शहरांत."

तो खुर्ची पुढे ओढून म्हणाला, "अगं, मग शुक्रवारचं सांग ना तिला."

"त्याला फॉर्मवर रकाना नाही रे," ती म्हणाली, आणि तरीही तिनं ते बाईला सांगितलं.